पत्र्याखाली राहायचं?

मॉरिसव्हिल, केरी, एपेक्स ह्या आमच्या भागातली आपली बरीचशी घरं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. त्यांच्यावरची शिंगल आता म्हातारी झाली आहे. एखादं गारांचं वादळ होऊन गेलं, की दुसऱ्या दिवशी शिड्या लावलेले ट्रक गल्लीत हजर, आणि दारावर छपरवाल्यांचे रंगीत कागद. त्यात हल्ली एक नवीन आग्रह असतो: ह्या वेळी शिंगल नको, मेटल रूफ घ्या, पन्नास वर्षं बघायला नको, आणि उन्हाळ्यात घर थंड राहील ते वेगळंच. किंमत मात्र शिंगलच्या दुप्पट-तिप्पट.

आता ‘मेटल रूफ’ म्हणा नाहीतर ‘स्टँडिंग सीम’ म्हणा, मराठी माणूस मनातल्या मनात भाषांतर करतो आणि त्याला ऐकू येतो एकच शब्द: पत्रा. पत्रा म्हटलं की आठवते चाळीच्या मागची पत्र्याची खोली, एस.टी. स्टँडवरची शेड, मे महिन्यातली शाळा. तिथे ‘थंड’ हा शब्द कोणी कधी वापरल्याचं आठवत नाही. चर्च स्ट्रीट पार्कातल्या क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना मिळून एकदाच लिहावं असं ठरवलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. इकडे येऊन मास्टर्स केलं ते उष्णतावहनात आणि पोट भरते ते एअर कंडिशनिंगवर. त्यामुळे छपरवाल्याशी माझं ना भांडण, ना भागीदारी.

आधी एक कबूल करू या. आपल्या लोकांची पत्र्याबद्दलची भीती खोटी नाही. आमच्या सासूबाई दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात इकडे येतात. छपराचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, एवढं मोठं घर घेतलंत आणि वर पत्रा घालणार? लोक काय म्हणतील?” ह्यात निम्मा प्रश्न अब्रूचा आहे. गावाकडे छपरांचीही एक उतरंड असते: सर्वांत वर स्लॅब, मग कौल, मग पत्रा. पत्र्याच्या घरातून स्लॅबच्या घरात जाणं म्हणजे ‘घर वर आलं’. गंमत म्हणजे इथे नॉर्थ कॅरोलायनातही परवापरवापर्यंत हीच समजूत होती. चॅटम काउंटीच्या बाजूला गाडी काढली तर शेतांत तंबाखू वाळवण्याची जुनी लाकडी कोठारं दिसतात, त्यांच्यावर तांबूस गंजलेले पत्रे. शेतमजुराच्या झोपडीवर पत्रा आणि शहरी घरावर शिंगल, हाच रिवाज. आता तोच पत्रा रंग लावून महाग घरांच्या पोर्चवर चढला आहे. काळाचा महिमा!

दुसरा निम्मा प्रश्न मात्र तापमानाचा आहे. त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं.

लखलखीत दुपारी सूर्य दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ओततो. म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेवर एक-दोन इस्त्र्या सतत चालू ठेवल्यासारखं. ह्यातली निम्म्याहून थोडी जास्त उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असते, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ह्या उन्हाचं काय होणार हे छपराच्या दोन गुणांवर ठरतं. पहिला गुण परावर्तन: आलेल्या उन्हातलं किती परत फेकलं. दुसरा उत्सर्जन: जे अंगात शिरलं, ते उष्णतेच्या रूपाने आकाशाकडे किती सहज सोडून दिलं.

पहिला गुण आपल्या तळपायांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात देवळाच्या फरसबंद आवारात काळ्या दगडावर पाय ठेववत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी भाविकांसाठी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला असतो आणि सगळे त्यावरूनच चालतात. दगड तोच, ऊन तेच. फरक फक्त रंगाचा. दुसरा गुण जरा फसवा आहे. गच्चीवर उन्हात पालथं घातलेलं स्टीलचं पातेलं किती चकाकतं! बरंचसं ऊन ते परत फेकतं. तरीही हात लावला तर चटका बसतो. कारण चकचकीत धातू उष्णता घेतो थोडी, पण घेतलेली सोडायला फार कंजूष. त्याच पातेल्याला बाहेरून पांढरा ऑइलपेंट दिला तर ते कितीतरी कमी तापेल, कारण रंगाचा थर उष्णता सोडण्यात उदार असतो. तेव्हा कोऱ्या पत्र्याला नावं ठेवताना आपण दोष धातूला देतो, पण रंगवलेल्या पत्र्याचं वागणं धातूसारखं नसतंच. ते रंगासारखं असतं.

आता आकडे. काळी किंवा गडद करडी शिंगल उन्हाचा जेमतेम पाच-दहा टक्के भाग परत फेकते. ‘पांढरी’ म्हणून विकली जाणारी शिंगलही पंचवीस टक्क्यांच्या आसपासच, कारण खडबडीत दाण्यांच्या फटींत ऊन अडकतं. पांढऱ्या रंगाचा गुळगुळीत पत्रा साठ-सत्तर टक्के फेकतो. आणि मघाशी सांगितलेले न दिसणारे किरण? रंग बनवणाऱ्यांनी असे रंग काढले आहेत की डोळ्यांना चॉकलेटी किंवा गडद हिरवे दिसतात, पण न दिसणारं ऊन परत पाठवतात. असा चॉकलेटी पत्रा साधारण तीस टक्के फेकतो. ज्यांच्या एच.ओ.ए.ला पांढरं छप्पर म्हणजे पाप वाटतं, त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे.

पण छप्पर किती तापलं ह्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: छप्पर आणि आपलं डोकं ह्यांच्या मध्ये काय आहे?

पुण्या-सोलापुराकडची दहा बाय दहाची पत्र्याची खोली घ्या. पत्रा जुना, गंजलेला. एप्रिलच्या दुपारी तो ६० अंश सेल्सिअसला सहज जातो. त्याची खालची बाजूही काजळी-गंजाने काळवंडलेली, म्हणजे उष्णता सोडायला तयार. खाली ३६ अंशांवर माणसं बसलेली. मध्ये काही नाही. हिशेब केला तर दर चौरस मीटरला दीडशे वॅट, म्हणजे त्या खोलीत छताकडून १४०० वॅटचा एक हीटर दिवसभर चालू. पंखा लावून काही उपयोग होत नाही, कारण ही उष्णता हवेतून येत नाही, सरळ किरणांनी अंगावर पडते. शेकोटीसमोर वारा आला तरी तोंड भाजतं, तसंच.

आणि मॉरिसव्हिलचं घर? इथे शिंगलखाली लाकडी फळ्यांचा डेक, त्याखाली अ‍ॅटिक, म्हणजे आपला माळा, आणि माळ्याच्या तळाशी फूटभर जाडीचं इन्सुलेशन, साधारण आर-३८ ताकदीचं. जुलैच्या दुपारी गडद शिंगलखालचा माळा १३० अंश फॅरनहाइटपर्यंत जाणं नवल नाही, म्हणजे ५४ सेल्सिअस. तरीही ते इन्सुलेशन पार करून खोलीत उतरते दर चौरस मीटरला फक्त साडेचार वॅट. दहा बाय दहाच्या खोलीला चाळीस-एक वॅट. एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी!

१४०० आणि ४०. पत्र्याच्या खोलीतलं आणि इकडच्या खोलीतलं अंतर हे आहे, आणि त्यात पत्र्याचा हात फार थोडा आहे. तुमच्या शिंगलखालचं इन्सुलेशन आणि माळा काढून टाका, आणि शिंगलचं घरही तितकंच भाजेल. उलट त्या खोलीला माळा करून द्या, तर पत्रा निमूट बसेल. कोकणातल्या कौलारू घरांत पोटमाळा असतो तो काही फक्त आंब्यांची अढी घालायला नव्हे. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, माळा तापलेल्या कौलांना डोक्यापासून दूर ठेवतो. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला, तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आज कोकणात कौलं उतरवून पत्रे घालतात, त्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत: माकडं कौलं फोडतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीला माणूस मिळत नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? पण पत्रे घालताना कित्येक जण माळाही काढतात, कारण ‘उंच, मोकळं दिसतं’. मग उन्हाळ्यात फोन येतो की घर तापतंय, ए.सी.ला पैसे पाठवा.

आता मॉरिसव्हिलच्या बाबतीत छपरवाल्यांना न आवडणारी गोष्ट सांगते. खोलीत उतरणारी उष्णता आधीच इतकी थोडी असेल, तर छप्पर बदलून वाचवायला राहतं काय? एक हजार चौरस फुटांच्या वरच्या मजल्याला छताकडून येतात सुमारे ४०० वॅट. पांढरा पत्रा घालून माळा १०० फॅरनहाइटवर आणला तरी २०० उरतात. वाचले २००. खरा चोर दुसरीकडे आहे. आपल्या भागातल्या दुमजली घरांत वरच्या मजल्याचं एअर कंडिशनरचं यंत्र आणि त्याच्या डक्ट बहुधा ह्या माळ्यावरच ठेवलेल्या असतात. म्हणजे ५५ अंशांची थंड हवा १३० अंशांच्या भट्टीतून फिरवून बेडरूममध्ये आणायची. फ्रीज चुलीवर ठेवून त्यात सरबत थंड करण्यासारखा प्रकार. पंचवीस चौरस मीटर डक्ट, तिच्याभोवती चांगलं आर-८ चं वेष्टण असलं तरी यंत्र चालू असताना त्यातून ७०० वॅट आत शिरतात. म्हणजे अख्ख्या छतापेक्षा जास्त. सांधे सुटले असतील, थंड हवा माळ्यावर गळत असेल, तर बघायलाच नको.

म्हणून ज्या घरात वरचा मजला संध्याकाळी पाच वाजता तापतो आणि खालचा गारठतो, त्या घराने छपराचा विचार करण्याआधी माळ्यावर चढावं. (सकाळी सातला चढा, दुपारी नको. आणि पाय लाकडी जोईस्टवरच ठेवा, नाहीतर खालच्या खोलीच्या छतातून पाय लोंबकळताना दिसेल.) डक्टचे सांधे मॅस्टिकने बंद करणं, दबून पातळ झालेल्या इन्सुलेशनवर नवीन थर फुंकून घेणं, ही कामं नव्या छपराच्या तुलनेत फार स्वस्त आहेत. चांगलं इन्सुलेशन असलेल्या दुमजली घरात फक्त छप्पर पांढरं केल्याने महिन्याच्या बिलात फरक पडेल तो थोड्या डॉलरांचा. पत्र्याची जादा किंमत त्यातून फिटायची नाही. टिकाऊपणासाठी घ्या, गारा-वाऱ्यासाठी घ्या, दिसायला आवडतो म्हणून घ्या. पण ‘बिल निम्मं होईल’ असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

ह्यावर एक हरकत येईल, आणि ती रास्त आहे. फ्लोरिडात फोर्ट मायर्सला २००० साली फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या डॅनी पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीची एकाच नकाशाची सात घरं, तोंडं एकाच दिशेला, फरक फक्त छपरांचा. गडद शिंगलच्या तुलनेत पांढऱ्या परावर्तक छपरांनी थंडाव्याची वीज १८ ते २६ टक्के वाचवली, आणि त्यात पांढरा पत्रा सर्वांत पुढे होता. पांढऱ्या शिंगलची बचत पाच टक्क्यांच्या आतच राहिली. मग मी म्हणते ते खोटं का? नाही. ती घरं एकमजली, म्हणजे सगळ्या घरावर छप्पर. छतात इन्सुलेशन आर-१९, आपल्या निम्मं. आणि डक्ट माळ्यावर. शिवाय तिथे उन्हाळा जवळजवळ वर्षभर. आपल्याकडे हिवाळा आहे, जानेवारीत माळ्यावर पडणारं ऊन हवंहवंसं वाटतं, आणि पांढरं छप्पर तेही परत पाठवतं. नुकसान मोठं नाही, कारण हिवाळ्यात दिवस लहान आणि सूर्य खाली असतो, पण जमेत धरायला हवं. तेव्हा तुमचं घर जुनं, एकमजली, पातळ इन्सुलेशनचं असेल, तर फोर्ट मायर्सचे आकडे तुमच्या जास्त जवळचे.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मी छपराच्या बाजूने मत देईन: गॅरेजवरची बोनस रूम. तिथे छत उतरतं असतं, छपराच्या वाशांना लागूनच खोली, मध्ये माळा नाही, इन्सुलेशनला जागा कमी. आपल्यापैकी अनेकांनी तिथेच घरचं ऑफिस थाटलं आहे. ५ जुलै २०२४ ला आर.डी.यू. विमानतळावर १०६ अंशांची नोंद झाली, त्या दिवशी अशा खोलीत बसून ज्यांनी मीटिंगा केल्या त्यांना अधिक सांगायला नको. पत्र्याच्या खोलीशी नातं सांगणारी आपल्या घरातली हीच एक खोली.

आता पत्र्याचा एक असा गुण, जो शिंगलला सहसा मिळत नाही. पत्रा डेकवर सपाट न ठोकता, आडव्या-उभ्या पट्ट्यांवर इंच-दीड इंच उचलून बसवता येतो. खालच्या कडेने हवा आत शिरते, तापते, हलकी होते आणि आढ्याकडून बाहेर पडते. चिमणीचंच तत्त्व. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने अशा छपरांवर बरीच वर्षं मोजमाप केलं आणि नुसत्या ह्या पोकळीनेच छपरातून आत येणारी उष्णता सुमारे तीस टक्के कमी होते असं दाखवलं. रंग कोणताही असो.

हे वाचून कोणाला काही आठवलं का? रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत आणि पुण्याच्या बंगल्यांवरही हल्ली गच्चीवर लोखंडी खांब रोवून पत्र्याची शेड घालतात. घालतात ती स्लॅब गळतो म्हणून. पण मे महिन्यात त्या घराच्या वरच्या मजल्यावर झोपून बघा. पूर्वी स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्री अकरापर्यंत ते आत सोडत बसायचा. आता त्याच्यावर सावली आहे आणि मध्ये सात-आठ फूट वारा. जो पत्रा डोक्यावर आला की छळतो, तोच स्लॅबच्या डोक्यावर गेला की छत्री होतो. ओक रिजचा अहवाल न वाचता आपल्या गवंड्यांनी आणि फॅब्रिकेशनवाल्यांनी हा प्रयोग हजारो गच्च्यांवर करून ठेवला आहे. फक्त रंग तेवढा पांढरा निवडायला हवा होता. जिथे बघावं तिथे निळाच!

पत्रा पातळ असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. अर्ध्या मिलिमीटरच्या लोखंडात उष्णता साठवायला जागाच नसते. ऊन आलं की पंधरा मिनिटांत तापला, सूर्य गेला की तेवढ्याच वेळात निवला. उघड्या रात्री तर बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे आतून दवाचे थेंब गळतात. ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आमच्या सासूबाईंचं माहेर.

ते औसा तालुक्यातलं. घर माळवदाचं. लाकडी तुळया-किलचणीवर दीड-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर, दगड-मातीच्या जाड भिंती. चैत्र-वैशाखात बाहेर ४२ अंश असताना आत रांजणासारखा गारवा. दुपारचं ऊन त्या मातीतून झिरपून खाली यायच्या आत रात्र झालेली असते. थंडाव्याच्या परीक्षेत माळवदाला तोड नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीवर ते सहा-सात टन माती असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला, आणि हजारो माणसं त्याच मातीखाली आणि दगडांखाली गेली. सासूबाईंच्या माहेरच्या घराची मागची बाजू पडली, माणसं वाचली. त्यानंतर सगळी पत्र्याच्या शेडमध्ये. दहा बाय दहावर पत्र्याचं वजन चाळीस किलोच्या आसपास.

त्या वैशाखात सासूबाई आपल्या आईजवळ महिनाभर त्या शेडमध्ये राहिल्या होत्या. आमच्या छपराचा विषय चालला असताना त्यांनी हे सांगितलं, आणि मग मला कळलं की “लोक काय म्हणतील” हे वरवरचं होतं. “सकाळी दहानंतर आत बसवत नव्हतं बघ. आम्ही सगळ्या लिंबाखाली. पत्र्यावर कडबा टाकायचा, गोणपाट भिजवून टाकायचं. भाकरी उन्हाआधी करून ठेवायची.” मी विचारलं, मग लोक पडक्या घरांच्या शिल्लक खोल्यांत का नाही गेले, तिथे तर गार होतं? त्या जरा थांबल्या. “गार होतं गं. पण झोप पत्र्याखालीच लागायची. वरून पडायला काही नव्हतं.”

उष्णतावहनाच्या कुठल्याही पुस्तकात हे मला शिकवलेलं नव्हतं. छप्पर निवडताना माणूस फक्त तापमान निवडत नसतो. पण म्हणून तापमान सोसायलाच हवं असंही नाही. कडबा आणि ओलं गोणपाट म्हणजे काय? इन्सुलेशन आणि बाष्पीभवन. त्या बायकांना उपाय माहीत होता, साधन तेवढं कमी पडलं.

आता व्यवहाराचं बोलू. छपरवाला दारात आला तर त्याला पहिला प्रश्न विचारा: हा पत्रा थेट डेकवर बसवणार की पट्ट्यांवर उचलून? दुसरा: ह्या रंगाचं परावर्तन किती, नवं असताना आणि तीन वर्षांनी? दोन्ही आकडे कूल रूफ रेटिंग काउन्सिल ह्या १९९८ साली सुरू झालेल्या संस्थेच्या यादीत असतात. तीन वर्षांचा आकडा महत्त्वाचा, कारण वसंतात पाइनचा पिवळा पराग आपल्या गाड्यांवर बसतो तसा छपरावरही बसतो. पूर्वी छपरांना एनर्जी स्टारचं चिन्ह मिळायचं. ते २०२२ साली बंद झालं. केंद्र सरकारच्या घरसुधारणेच्या करसवलतीतूनही छपरं २०२३ पासून वगळली गेली. तेव्हा जुनं पत्रक दाखवून कोणी सवलतीचं आमिष दाखवत असेल तर तारीख बघा. एच.ओ.ए.ची लेखी परवानगी रंगाच्या नमुन्यासकट आधी घ्या, आगाऊ रक्कम नंतर द्या.

पावसाच्या आवाजाची काळजी अनेकांना असते. डेक आणि इन्सुलेशन खाली असताना शेडसारखा ताशा वाजत नाही. वीज पत्र्याकडे ‘ओढली’ जाते हाही गैरसमज. गारांनी पोचे मात्र पडतात, आणि काही विमा कंपन्या नुसत्या पोच्यांचे पैसे देत नाहीत. पॉलिसी वाचून घ्या.

आणि शिंगलच घालायची असेल तर? अवश्य घाला. फक्त काळी घालू नका. शेजारच्या घराला शोभून दिसणारी फिकट करडीही मिळते, आणि न दिसणारं ऊन परत पाठवणाऱ्या दाण्यांची शिंगलही मिळते.

शेवटी एक विनंती, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या शाळेला, देवळाच्या सभामंडपाला, वाचनालयाला पैसे पाठवतात. त्यातून बहुतेक वेळा उभी राहते ती पत्र्याची शेड, कारण ती लवकर होते आणि परवडते. त्यात काहीच गैर नाही. फक्त पैसे पाठवताना अंदाजपत्रक मागवा आणि त्यात तीन ओळी वाढवून घ्या. पत्रा निळा-हिरवा न घेता पांढऱ्या रंगाचा घ्या. किंमत जवळपास तीच. आढ्यावर आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत वर, गरम हवा बाहेर जायला झडपा किंवा जाळ्या ठेवा. आणि पत्र्याखाली फूट-दोन फूट सोडून सपाट छत करा, थर्माकोलचं, जिप्समचं, काही नाही जमलं तर बांबूच्या तट्ट्यांचं. थर्माकोल घेतलंत तर आग लवकर न पकडणारं मागा, शाळेत तर नक्कीच. जुनी शेड असेल तर वरून पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग द्या. चुना स्वस्त आहे, अहमदाबादेत २०१७ पासून हजारो स्लॅबच्या घरांवर तो लावलाही गेला. पण जस्ताच्या पत्र्यावर चुना नको, तो टिकत नाही आणि जस्त खातो. रंगाचे दोन हात, गंज आधी खरवडून. दर तीन-चार वर्षांनी पुन्हा एक हात, आणि होळीच्या आधी एकदा पाण्याने धूळ धुऊन काढायला कोणाला तरी सांगून ठेवायचं.